दोन दिवसांत सगळी मुंबई पाहायला निघू नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की ‘दोन दिवसांत मुंबई’ अशा याद्या पुरवण्यांतून आणि मोबाइलवरून फिरू लागतात. गेट वे, घारापुरी, राणीची बाग, सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू चौपाटी, कान्हेरी आणि वेळ उरलाच तर नटनट्यांचे बंगले, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. अशी यादी खिशात घालून विदर्भ, मराठवाडा, खानदेश किंवा पश्चिम महाराष्ट्रातून पहिल्यांदाच मुंबईला येणारी कुटुंबे माझ्यासारख्या जुन्या मुंबईकराकडे उतरतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थकून भागून, निम्म्याहून अधिक यादी तशीच ठेवून परततात. अशा पाहुण्यांसाठी चार गोष्टी सांगाव्यात आणि आपल्या दैनिकाकडे एक मागणी करावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुंबई दक्षिणोत्तर पसरलेली लांबट चिंचोळी पट्टी आहे. चर्चगेट ते बोरिवली हे अंतर सुमारे 34 किलोमीटर आहे आणि सकाळी आठ ते अकरा या वेळेत लाखो माणसे दक्षिणेकडे, तर संध्याकाळी पाच ते साडेआठ-नऊपर्यंत तीच माणसे उत्तरेकडे जात असतात. सकाळी कुलाबा आणि दुपारी कान्हेरी असा बेत आखणारा पाहुणा या लोंढ्यात सापडतो आणि त्याचा अर्धा दिवस प्रवासात जातो. म्हणून पहिल्या भेटीत एकच भाग निवडावा, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की तो भाग कुलाबा ते गिरगाव चौपाटी हाच असावा. कान्हेरीच्या लेण्यांना स्वतंत्र दिवस द्यायला हवा, त्यामुळे त्या पुढच्या खेपेला राखून ठेवाव्यात. नटांच्या बंद फाटकासमोर उभे राहून काय पाहायचे असते, हे मला इतक्या वर्षांत समजलेले नाही.

या भागाची सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून करावी. महालक्ष्मी, सिद्धेश्वर, विदर्भ किंवा देवगिरी एक्स्प्रेसने येणारे याच स्थानकात उतरतात, पण फलाटावरून थेट टॅक्सीच्या रांगेत गेल्यामुळे इमारत न पाहताच बाहेर पडतात. सामानाला कुलपे असतील तर ते क्लोकरूममध्ये ठेवता येते (कुलूप नसलेली पिशवी तेथे घेत नाहीत, हे घरून निघतानाच ध्यानात ठेवावे), आणि मग रस्ता ओलांडून महापालिका मुख्यालयाच्या बाजूच्या पदपथावर पाच मिनिटे उभे राहावे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे ही वास्तू 1878 मध्ये बांधायला घेतली आणि 1888 मध्ये पूर्ण झाली. समोरचे महापालिका मुख्यालयही त्यांचेच. प्रवेशद्वाराच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ बसलेला आहे, एक इंग्लंडचे तर दुसरा हिंदुस्थानचे प्रतीक म्हणून. भिंतीवरच्या दगडी गोलांत कोरलेल्या चेहऱ्यांमध्ये नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाय यांचेही चेहरे आहेत. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली, तिच्यामागच्या खटपटीत नानांचा वाटा होता, हे मुलांना तेथे उभे राहूनच सांगावे.

तेथून दादाभाई नौरोजी मार्गाने हुतात्मा चौक, डावीकडे वळून हॉर्निमन सर्कल आणि 1833 मध्ये पूर्ण झालेल्या टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या, मग काळा घोडा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि शेवटी गेट वे, ही सारी वाट तीन किलोमीटरच्या आसपास भरते आणि तिला वाहन लागत नाही. हुतात्मा चौकात पाहुणे कारंज्याचे छायाचित्र काढतात आणि शेजारचे स्मारक न पाहताच पुढे सरकतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात येथे गोळीबार झाला होता, निदान मराठी माणसाने तरी तेथे थांबावे. वस्तुसंग्रहालयाला दोन तास द्यावेत आणि ते भर दुपारी पाहावे, कारण त्या वेळी बाहेरचा उकाडा सोसवत नाही. संध्याकाळी ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहिले की एका हाताला राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाच्या गॉथिक इमारती, तर दुसऱ्या हाताला विसाव्या शतकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग दिसते. या दोन्ही रांगा मिळून 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. मैदान ओलांडून दहा मिनिटे चालले की मरीन ड्राइव्ह लागतो.

दुसरा दिवस घारापुरीला द्यायचा असेल तर तो सोमवार नाही ना, हे आधी पाहावे, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. गेट वेवरून बोटीला जायला एक तास आणि यायला एक तास लागतो, वर पायऱ्यांची चढण आहे, त्यामुळे सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एखादी गाठली तर दुपारी दोन-अडीचपर्यंत परतता येते. लाइफ जॅकेट बोटीत चढल्याबरोबर घालावे आणि उतरेपर्यंत काढू नये. घारापुरीच्या बोटीला 18 डिसेंबर 2024 रोजी झालेल्या दुर्घटनेनंतर याबद्दल अधिक काही सांगायला नको. बेटावर माकडे हातातले खाणे हिसकावतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद ठेवतात, तेव्हा जून ते सप्टेंबर घारापुरीच्या भरवशावर राहू नये.

आता लोकलविषयी. बहुतेक पाहुणे हॉटेलात उतरत नाहीत, ते डोंबिवली, कल्याण, बदलापूर किंवा विरारच्या नातेवाइकांकडे उतरतात आणि रोज तास-दीड तासाचा प्रवास करतात. घारापुरीचा दिवस वगळता त्यांनी सकाळी साडेदहा-अकरापूर्वी मुंबईकडे निघू नये आणि परतीची गाडी चारच्या आत किंवा रात्री नऊनंतर धरावी. मधल्या वेळेत मरीन ड्राइव्हवर बसून राहिलेले बरे. फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी कोठे जाणार, किती वाजता सुटणार, जलद की धीमी आणि किती डब्यांची, हे सारे लिहिलेले असते. नवखा माणूस फक्त गावाचे नाव वाचतो आणि जलद गाडीत बसून आपले स्थानक मागे जाताना पाहत राहतो. पहिल्या वर्गाचे डबे तिरप्या पट्ट्यांवरून ओळखता येतात; दुसऱ्या वर्गाचे तिकीट घेऊन त्यात शिरले तर भाड्याखेरीज किमान 250 रुपये दंड भरावा लागतो, आणि ‘आम्ही गावाकडचे, आम्हाला माहीत नव्हते’ हे तिकीट तपासनीसाने रोज ऐकलेले असते. उतरायचे स्थानक येण्याआधीच पुढच्या माणसाला ‘दादर उतरणार का?’ असे विचारावे. तो नाही म्हणाला तर स्वतःहून बाजूला सरकून वाट देतो. फलाट कोणत्या बाजूला येणार तेही त्यालाच विचारावे. कुटुंबातल्या स्त्रिया महिलांच्या डब्यात आणि पुरुष दुसरीकडे बसणार असतील तर चुकामूक झाल्यास कोणत्या स्थानकावर, कोणत्या पुलाखाली भेटायचे हे चढण्यापूर्वी ठरवावे, कारण गर्दीत फोन वाजलेला ऐकू येत नाही. दारात लोंबकळणाऱ्यांचे अनुकरण मात्र कोणीही करू नये.

ज्यांना लोकलची धास्ती वाटते त्यांच्यासाठी आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण मार्गावर धावते आहे. दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि हुतात्मा चौक ही स्थानके तिच्यावर एका ओळीत येतात, त्यामुळे दादरला उतरलेल्या पाहुण्याने चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क सकाळी पाहून थेट फोर्ट, म्हणजे टर्मिनस-हुतात्मा चौकाचा भाग, गाठणे आता फार सोपे झाले आहे. सिद्धिविनायकाला मंगळवारी जायचे असेल तर तो दिवस तेवढ्यासाठीच धरावा. टॅक्सीला किमान भाडे फेब्रुवारी 2025 पासून 31 रुपये आहे. स्थानकाबाहेर ‘कुठे जायचे?’ म्हणत अंगावर येणाऱ्याला ओलांडून पुढे जावे आणि मीटर टाकणारी टॅक्सी धरावी. रिक्षा शीव आणि वांद्र्याच्या दक्षिणेला येत नाही, त्यामुळे गिरगावात रिक्षा शोधत उभे राहू नये.

शनिवार-रविवारी येणाऱ्यांची खरी फजिती होते ती रविवारच्या मेगाब्लॉकमुळे. रुळांच्या आणि ओव्हरहेड वायरच्या दुरुस्तीसाठी दिवसाच्या मधल्या काही तासांत एखाद्या मार्गावरच्या गाड्या रद्द होतात किंवा जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या जातात. मुंबईकराला ते वृत्तपत्रात वाचून ठाऊक असते आणि तो रविवारी घराबाहेर पडताना त्याचा हिशेब ठेवतो. पाहुण्याला मात्र त्याचा पत्ताच नसतो आणि परतीची गाडी दुपारची असेल तर ती हमखास चुकते. शिवाय फोर्टमधली पुष्कळशी उपाहारगृहे कचेऱ्यांच्या जोरावर चालतात, ती रविवारी बंद असतात. मात्र रस्ते मोकळे असल्यामुळे इमारती पाहायला रविवारची सकाळच सर्वांत चांगली, असे मी म्हणेन.

माझी मागणी याच संदर्भात आहे. मेगाब्लॉकची माहिती आपण मुंबई आवृत्तीत देता, पण नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर किंवा जळगावच्या वाचकाला ती मिळत नाही, आणि खरी गरज तर त्यालाच असते. रेल्वेचे पत्रक हाती येताच जिल्हा आवृत्त्यांतही एक लहानशी चौकट द्यावी: या रविवारी कोणत्या मार्गावर किती ते किती ब्लॉक आहे, भरतीची वेळ कोणती (हाजी अलीची वाट भरतीत पाण्याखाली जाते आणि पावसाळ्यात मरीन ड्राइव्हच्या कठड्याजवळ जाणे धोक्याचे असते), सोमवारी घारापुरी आणि राष्ट्रीय उद्यान तर बुधवारी राणीची बाग बंद असते, एवढा मजकूर तीत पुरे. सुट्ट्यांच्या महिन्यांत ही चौकट पहिल्या पानावर, रेल्वे आरक्षणाच्या बातमीशेजारी आली तर गाडीत बसण्यापूर्वी ती वाचली जाईल.

कळावे,
आपला एक वाचक,
गिरगाव, मुंबई