लॅहेइनेन

प्रिय नलू,

उत्तराला फार उशीर झाला, शिव्या घाल. गुडघा ठीक आहे. तुझी फिनिश शब्दसूची चाळली आणि एका ओळीवर अडले, ती तिथेच आहे: ‘लॅहेइनेन = नातेवाईक’.

अगं, नातेवाईक म्हणजे सुकुलाइनेन. ओमाइनेन हा ‘ओमा’पासून आलेला, ओमा म्हणजे स्वतःचं, त्याला ‘स्वकीय’ छान बसतो. लॅहेइनेनला रक्ताची अटच नाही. शेजारीण, जुना मित्र, लग्नाशिवाय सोबत राहणारा जोडीदार (आवोपुओलिसो), सगळे त्यात येतात. फिनलंडचा घरी शुश्रूषा करणाऱ्यांच्या मदतीचा 2005 चा कायदा बघ. शुश्रूषा करणारा म्हणजे त्या माणसाचा ‘ओमाइनेन किंवा अन्य लॅहेइनेन व्यक्ती’, जिने तसा करार केलाय. तुझी सूची लावली की होतं ‘स्वकीय किंवा अन्य नातेवाईक’. मैत्रिणीसाठी मुद्दाम ठेवलेली जागाच गेली ना!

‘जवळची व्यक्ती’ लिही. तू ‘आप्त’ म्हणशील, माहितीय. त्यावरून एकदा अबोला झालाय आणि मी अजून हटलेली नाही. आप्त म्हटलं की पुन्हा गोतावळाच आला. लॅहिम्मॅइनेन मात्र वेगळा ठेव: तो बायबलमधला ‘शेजारी’, म्हणजे कुणीही माणूस.

विभक्तीची टीपही हवी. ‘मिनुल्ले लॅहेइनेन’ सोपं, आपल्या ‘मला जवळचा’सारखंच. घोळ होतो तो जागेचा. जवळ असणं लॅहेल्लॅ, जवळ येणं लॅहेल्ले, जवळून लॅहेल्टॅ. आपण ‘जवळ बसलाय’ आणि ‘जवळ ये’ दोन्हीकडे ‘जवळ’च वापरतो, म्हणून मराठी माणूस ‘तुले लॅहेल्लॅ’ म्हणून बसतो. हवं ‘तुले लॅहेल्ले’. शिवाय हा शब्द नामानंतर आला तर नाम षष्ठीत, ‘तालोन लॅहेल्लॅ’, घराजवळ; आधी आला तर नाम पार्टिटिव्हमध्ये (ही फिनिशची एक वेगळी विभक्ती), ‘लॅहेल्लॅ तालोआ’.

एनो मामा, सेटॅ काका, बरोबर. तॅति मात्र मावशीही आणि आत्याही. तू आत्याला वगळलंस. (आत्याशी भांडण मिटलं नाही वाटतं?) दिराला क्यूत्यू आणि नणंदेला नातो हे जुने शब्द, आता लांको आणि कॅल्यूवर भागवतात. 2023 मध्ये फिनलंड ज्या नाटोत गेला, तिलाही तिथे नातोच म्हणतात. तुझ्या नणंदेच्या कानावर घालू नकोस.

स्वप्नालीचं ठरलं म्हणे, छान झालं! तारीख कळव. आणि छपाई थांबव आधी.

तुझी,
मंगल