पागेच्या दारात उभ्या राहिलेल्या काकांना

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर न पाठवता सर्वांसमोर लिहीत आहे, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी माझ्या जर्मनीतल्या घोडेस्वारीविषयी एक छोटी बातमी छापून आली. तीत प्रशिक्षकांचे, प्रायोजकांचे आणि आईबाबांचे आभार होते, परंतु ज्यांनी मला घोडा ओळखायला शिकवले त्या पुण्याच्या मोतद्दाराचे, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या तुमचे, नाव नव्हते. ही चूक बातमीदाराची नव्हती. नावे मीच सांगितली होती, आणि ती सांगताना स्पर्धेच्या दिवशी जे शेजारी उभे असतात तेवढेच मला आठवले. तेव्हापासून ते मनाला लागून राहिले आहे.

आभाराआधी क्षमा मागायची आहे. मी पंधरा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी निवड चाचणी होती आणि माझी घोडी नर्मदा त्या दिवशी मैदानावर इतकी सुरेख चालली होती की मला रात्री झोप येत नव्हती. पहाटे पागेत आले तर तुम्ही तिच्या डाव्या पुढच्या पायाशी बसला होता. "नळीच्या मागच्या नसेला ऊब आहे, आज खोगीर चढणार नाही," एवढेच तुम्ही म्हणालात. नळी म्हणजे गुडघ्याखालचे हाड, आणि नस म्हणजे त्यामागची कंडरा. मला सूज दिसत नव्हती, ती लंगडतही नव्हती. मी रडले, भांडले, मोठ्यांकडे तुमची तक्रार करीन असेही म्हणाले, आणि तुम्ही एक शब्दही न बोलता तिच्या दारात उभे राहिलात. तिसऱ्या दिवशी तो पाय डोळ्यांना दिसेल इतका सुजला. त्या दिवशी मी तिला उड्यांवर घातले असते तर ती पुन्हा कधी धावली नसती, हे मला आज कळते. तेव्हा मात्र मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही, आणि पुढे बोलू लागले तेव्हाही क्षमा मागितली नाही. ती आज मागते.

माझा खेळ इव्हेंटिंग. त्यात एकाच घोड्याने आणि एकाच स्वाराने ड्रेसाज (मैदानातल्या शिस्तबद्ध चाली), क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड) आणि शो जंपिंग (मैदानातल्या उड्या) अशा तिन्ही परीक्षा द्यायच्या असतात. हा खेळ घोडदळातून आला आणि 1912 च्या स्टॉकहोमपासून ऑलिम्पिकमध्ये खेळला जातो, हे मी पुस्तकात वाचले. पण 1982 च्या दिल्लीच्या एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी शहजादा या घोड्यावर सुवर्णपदक मिळवले, हे मला प्रथम तुम्ही सांगितले, तेही खरारा करता करता. स्वाराचे नाव सांगितले की घोड्याचेही सांगायचे, हा तुमचा नियम होता.

जर्मनीत आले तेव्हा नर्मदेला सोबत आणता आले नाही, कारण भारतातून युरोपात घोडे आणण्यावर तेव्हा रोगनियंत्रणाच्या कारणाने बंदी होती. येथे येणाऱ्या प्रत्येक भारतीय स्वाराला आपला घोडा मागे ठेवून परक्या घोड्याशी पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 23 व्या स्थानापर्यंत पोहोचलेले भारतीय स्वार फवाद मिर्झाही येथेच, युरोपात ठेवलेल्या घोड्यांवर तयार झाले. मला मिळालेला घोडा सात वर्षांचा होता आणि पहिले दोन महिने तो मला जवळ येऊ देत नव्हता. हिवाळ्यात सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. अंधारात लीद काढायची, गवत टाकायचे, चंदी द्यायची आणि मग स्वारी, असा दिवस सुरू होतो. पागेतले काम न येणारी मुले येथे पहिल्याच थंडीत परत जातात. मी टिकले, कारण तुम्ही मला घोड्यावर बसण्याआधी वर्षभर नुसते खाली उभे ठेवले होते. तेव्हा मला तो अपमान वाटे.

तुम्ही रोज माझी परीक्षा घेत होता. चारही पायांवरून हाताची पालथी बाजू फिरवायची, दोन्ही बाजू ताडून पाहायच्या, आणि तुमच्या हाताला काय लागले ते न विचारता माझ्या हाताला काय लागले ते सांगायचे. "रोज हात फिरवला नसेल तर नेमक्या त्या दिवशी हाताला काय कळणार?" असे तुम्ही म्हणायचा. गेल्या वर्षी पोलंडमधल्या स्त्शेगोमला मी दोन ताऱ्यांच्या लांब स्पर्धेत उतरले (तारे म्हणजे काठिण्याची श्रेणी). तेथे क्रॉस-कंट्री मिनिटाला 520 मीटर या वेगाने वेळेत पूर्ण करावी लागते आणि घोडा अडथळ्यापुढे अडला तर त्या एका नकाराला 20 दंडगुण पडतात. आम्ही एकही नकार न होता आलो. वरच्या श्रेणीसाठी लागणारी पात्रता समोर दिसत होती. ड्रेसाजचे दंडगुण 45 च्या आत होते, आता शेवटच्या दिवशी उड्यांचे 16 च्या आत ठेवायचे होते. त्या रात्री घोड्याच्या उजव्या पुढच्या पायाला मला ऊब लागली. फार थोडी. दुसऱ्या कुणाला ती जाणवली नाही, आणि सकाळच्या पशुवैद्यकीय तपासणीत तो कदाचित उत्तीर्णही झाला असता. मी पुन्हा हात फिरवला, बाहेर जाऊन आले, हात कोरडे करून पुन्हा फिरवला, आणि पहाटे घोडा मागे घेत असल्याचे कळवले. दोन दिवसांनी सोनोग्राफीत नसेची किरकोळ इजा दिसली. विश्रांतीनंतर तो आता पूर्ण बरा आहे आणि यंदा पुन्हा धावतो आहे. पात्रता गेली, पण घोडा राहिला.

एका बाबतीत मात्र मला तुमचे शिकवणे सोडावे लागले, आणि तेही तुम्हाला कळायला हवे. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, असे तुम्ही सांगायचा. येथे क्रॉस-कंट्री संपताच बादल्याच्या बादल्या बर्फाचे पाणी ओततात आणि श्वास व नाडी उतरेपर्यंत थांबत नाहीत. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या उकाड्याच्या चिंतेने यावर पुष्कळ संशोधन झाले आणि त्यातून गार पाण्याने अपाय होत नाही, उलट घोडा वाचतो, हे स्पष्ट झाले. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हे नक्की करून पाहा.

आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या पुरस्कारांत उत्कृष्ट मोतद्दारासाठी वेगळा पुरस्कार आहे, हे मला येथे आल्यावर कळले. ते वाचले तेव्हा मी पागेतच होते आणि पहिले नाव तुमचेच मनात आले.

मी डिसेंबरात येत आहे. नर्मदा आता म्हातारी झाली, पण तुम्ही तिला रोज फिरवता, असे आई सांगते. आल्यावर तिच्या पायांवर आधी तुम्ही हात फिरवा, मग मी फिरवीन, आणि तुम्हाला काय लागले ते मला अगोदर सांगू नका.

आपली आज्ञाधारक,
पागेतली पोर