जावा लागली, पण अजून थांबत नाही

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, फोन केला की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लागली का?" तर लागली, म्हणजे तुमची जुनी जावा मोटरसायकल सुरू झाली. इंजिन लागलं आणि धूर एवढा झाला की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पण तिला थांबवता येईल याची मला अजून खात्री नाही, म्हणून रस्त्यावर काढलेली नाही. ब्रेक, टायर आणि केबली उरल्यात. ते होईपर्यंत मी तुम्हाला तिच्यावर बसू देणार नाही. फोनवर हे बोललं की आपलं वाजतं, म्हणून लिहितेय.

आई, आधी तुझं. ही गाडी वाचली ती तुझ्या जुन्या सुती चादरीमुळे. बाबांना प्लॅस्टिकचं कव्हर आणायचं होतं आणि तू "कशाला खर्च" म्हणून चादर टाकलीस. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते आणि लोखंड आतल्या आत गंजत जातं. सुती कापडातून हवा खेळती राहते. मडगार्ड, हेडलाइट, हँडल, सगळं वरवर गंजलंय, पण भोक कुठेच नाही. चेन तर जवळजवळ नवी. तिचं श्रेय मात्र ही गाडी मुळात बनवणाऱ्या चेकोस्लोव्हाकियातल्या इंजिनियरांना. त्यांनी चेन पूर्ण बंद पेटीत ठेवली. म्हैसूरला 1961 पासून आपल्याकडे ह्या गाड्या निघाल्या, तेव्हाही ती पेटी तशीच राहिली. आजच्या किती गाड्यांना ती असते?

आता बाबा, तुमचा सल्ला: "ताजं पेट्रोल घाल आणि मार किक." नेमकं तेच टाळायचं होतं. जावासारख्या टू-स्ट्रोक गाडीला इंजिनात वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमधूनच येतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि ऑइल चिकट होऊन पिस्टनच्या रिंगा खाचेत धरून ठेवतं. पिस्टन जिथे थांबला असेल तिथे सिलेंडरला गंजाची रेघ पडते. त्यावर जोरात किक मारली की रिंग तुटते किंवा सिलेंडर ओरखडतो. मग काम दिवसांवरून महिन्यांवर जातं. मी प्लग काढून आत पातळ ऑइल सोडलं आणि ते मुरेपर्यंत गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवत राहिले. क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटल्या होत्या, त्याचा इथे उलट फायदाच झाला, चाकाचा जोर थेट क्रँकपर्यंत, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्यापर्यंत, पोचला. पिस्टन सुटला तेव्हा आवाज वगैरे काही झाला नाही. चाक जरा जास्त फिरलं, इतकंच.

तरीही लगेच चालू केली नाही. क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कड्या, पडून पडून कडक होतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीतूनच, वर जातं. सील गळकं असेल तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो, तोही गाडी पळत असताना. क्लचकडचं सील गेलं तर गिअरचं ऑइल इंजिनात ओढलं जातं आणि धूर थांबतच नाही. म्हणून एका बाजूने डायनॅमो आणि दुसऱ्या बाजूने क्लच उघडला आणि दोन्ही सील बदलली. माझ्या मते सगळ्या कामात हेच महत्त्वाचं होतं. बाहेरून ते कुणाला दिसणार नाही. क्लच उघडलाच होता, तर त्यातलं कॉर्कही पाहिलं. वाळून त्याचे तुकडे पडत होते. नवं कॉर्क ऑइलमध्ये भिजवून मगच बसवलं.

टाकीचा वास तुम्हाला सांगूनही पटणार नाही, जुन्या व्हार्निशच्या डब्यासारखा. आत तळाला तांबडा गाळ होता. सायट्रिक ॲसिडचं पाणी भरून ठेवलं, त्याने गंज सुटला. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ॲसिड मारलं, टाकी कोरडी केली आणि लगेच आतून ऑइल फिरवलं. हे शेवटचं राहिलं तर साफ केलेलं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होतं. आता पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुनी रबरं फुगवतं. त्यामुळे पाइप नवा घातलाय. पुढे गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तेव्हा टाकी आणि कार्बोरेटर रिकामे ठेवायचे, असा माझा नियम.

कार्बोरेटर जिकोव्हचाच, मूळचा. बाबा, तुम्ही त्यातले जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक पितळी भोकं, तारेने टोकरायचात ना? पितळ मऊ असतं, तारेने भोक मोठं होतं आणि मग गाडी कायम पेट्रोल पिते. आई म्हणायचीच, "ह्यांची गाडी फार पिते." मी जेट भिजवून हवेने साफ केले. भांडू नका, भिंगातून पाहिलंय, एका जेटचं भोक चक्क लांबट झालंय.

स्पार्कचं थोडक्यात: पॉइंट, म्हणजे उघडझाप करून स्पार्क पाडणारे दोन संपर्क, काळे पडले होते, बारीक पॉलिश पेपरने साफ करून 0.4 मिलिमीटरवर लावले. कंडेन्सर नवा. 6 व्होल्टची बॅटरी मेलेलीच होती, ती बदलली. वायरिंगचं वेष्टण बोटात चुरा होतंय, ते सगळंच नव्याने ओढायचंय. पेट्रोल-ऑइल सध्या 1:25, म्हणजे लिटरला 40 मिलीलिटर.

एवढं झाल्यावर ती लागली, आणि तिथेच सगळ्यांना वाटलं की झालं. तुम्हालाही वाटणार, म्हणून सांगते. मागच्या टायरची नक्षी अजून खोल आहे, पण त्यावरचा कारखान्याचा कोड तीन आकडी आहे. 2000 सालापासून तो चार आकडी असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे आपला टायर गेल्या शतकातला. रबर दगडासारखं झालंय, ओल्या रस्त्यावर ते काही धरणार नाही. ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणारे पट्टे, सुटायला लागलेत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम उघडल्यावर हवा न मारता ओल्या फडक्याने पुसून घेतला, तोंडाला मास्क बांधून. पुढच्या ब्रेकच्या केबलची हँडलपाशी एक-एक तार तुटत आलीय. नेहमी तिथेच तुटते. वरून रबर असतं, त्यामुळे कळत नाही.

रंगाबद्दल तुमचं आणि माझं जमणार नाही. तुम्हाला नवं क्रोम हवंय, झगझगीत. मी टाकीचा मूळ रंग ठेवणार आहे, ओरखड्यांसकट. गंज थांबवायचा, मेण लावायचं, बस. रंग कधीही मारता येतो, पण मूळ रंग एकदा घासून काढला की परत आणता येत नाही. आई, तुझं मत कळव.

बाबा, हे जरा जड जातंय लिहायला. किक तुम्ही मारायची नाही. जावाची किक आणि गिअर एकच दांडी आहे, ती आत दाबून फिरवायची तुमच्या पायाची सवय अजून पक्की असेल, मला माहीत आहे. पण टायमिंग जरा पुढे असलं तर दांडी उलटा झटका देते, आणि तुमचा गुडघा आता तो झटका घेणारा नाही. किक मी मारेन. त्यापुढचं काम मात्र तुमचं, कारण ते मला येत नाही. आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता मंद चालताना, ती मधेच एखादा ठोका गाळते. मिश्रण जाड आहे की पातळ, हे तुम्ही नुसतं ऐकून सांगता. मी स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत बसते आणि मला दोन्ही आवाज सारखेच वाटतात. नवे टायर बसले की या. स्टूल टाकून देते, कार्बोरेटरशी बसा आणि सांगा तसा मी थ्रॉटल धरते.

आई, एक काम. मागे बसणाऱ्याचे दोन्ही फूटरेस्ट गाडीला नाहीत. बाबांनी "जपून" कुठेतरी ठेवले असणार. खिळ्यांच्या डब्यात बघ, नाहीतर माळ्यावर. सापडले की येताना घेऊन ये, नाहीतर बाबांच्या मागे बसून पाय कुठे ठेवशील?

तुमची,
धाकटी