आमच्या अंगणासाठी भिशीचा नंबर सोडणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

तुमचं घर आमच्यापासून चार घरं खाली. गॅलरीतून हाक मारली तरी तुम्हाला ऐकू येईल. पण समोर बसून आभार मानू लागलं की तुम्ही विषय बदलता, आणि तुम्ही जे केलंत ते शाहूनगरच्या बाहेरच्या लोकांनाही कळावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमची कॉलनी साताऱ्यातल्या अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे. किल्ल्याच्या बाजूने येणारं पाणी पूर्वी मधल्या मोकळ्या प्लॉटांतल्या गवतात आणि मुरमात जिरायचं. हळूहळू प्लॉट भरले, अंगणांना फरशी आणि पेव्हर ब्लॉक बसले, रस्ते काँक्रीटचे झाले. आता अर्धा तास जोराची सर आली तरी प्रत्येक गच्चीचा पाइप रस्त्यावर ओततो आणि रस्त्याचा ओढा होऊन गोडोलीच्या दिशेने धावतो. वरच्या ओळीतल्या आम्हाला त्याचा काही त्रास नाही. त्रास खालच्या ओळीला. गढूळ पाणी पोर्चमध्ये शिरतं, गाडीची चाकं बुडतात, पाण्याच्या टाकीच्या झाकणाला पोती लावून ठेवावी लागतात.

हे घर आम्ही घेतलं तेव्हाच त्याचं सगळं अंगण फरशीने झाकलेलं होतं. फरशी उखडून तिथे पावसाचं पाणी मुरवणारी बाग करावी असं मनात होतं, पण ह्यांच्या आजारपणात, दवाखान्याच्या खर्चात हात रिकामा झाला होता. एका पतसंस्थेत विचारलं, तर घरदुरुस्तीला कर्ज मिळेल, बागेला नाही, असं उत्तर आलं. त्यांच्या दृष्टीने बाग म्हणजे हौस. मी तो विषय सोडून दिला होता.

तो तुम्ही उचललात. भिशीच्या दिवशी चिठ्ठी काढायच्या आधी तुम्ही सगळ्यांना थांबवलंत आणि विचारलंत, वरच्या घरातलं पाणी खालच्या घरात जातं, मग ते वर अडवायचा खर्च एकट्या वरच्या घराने का करायचा? त्या प्रश्नावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. त्या महिन्याचा नंबर तुमचा होता, तो तुम्ही मला दिलात. व्याज नाही, तारण नाही, हप्ते जमतील तसे. शिवाय प्रत्येकीने दरमहा शंभर रुपये जास्तीचे टाकायचे आणि त्याचं वेगळं ‘पाणी-खातं’ चालवायचं हे तुम्हीच ठरवून घेतलंत. त्यात पहिले पैसे टाकले ते खालच्या ओळीतल्या बायकांनी. माझ्या अंगणासाठी त्यांनी पैसे दिले, काकू. उपकार म्हणून नाही, स्वतःच्या पोर्चसाठी. घेताना मला अवघडल्यासारखं झालं नाही ते त्यामुळेच.

यात तुम्हाला जे दिसलं होतं ते भल्याभल्यांना दिसत नाही. घरात सोलर बसवला तर वीजबिल त्याच घराचं कमी होतं, म्हणून त्यासाठी माणूस स्वतःहून पैसे घालतो. अंगणात पाणी जिरवलं तर फायदा उताराला खाली असलेल्या घराचा. खड्डा एकाने खणायचा आणि कोरडं राहायचं दुसऱ्याने, अशा कामाला मदतीचा हात लागतोच. तो मिळाला नाही तर काम होत नाही. लोक वाईट असतात म्हणून नव्हे, हिशेबच तसा असतो म्हणून.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. माण-खटावमध्ये ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ कुणाला शिकवावं लागत नाही. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपचं, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेचं, पहिलं बक्षीस कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने मिळवलं. गावात माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचं हा नियम; डोंगराचा चर आधी, खालचा बंधारा नंतर. तिथे सरकारही मदत करतं. शोषखड्ड्याला रोजगार हमीतून पैसे मिळतात, ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत ५० हजारांपर्यंत अनुदान होतं. मग तोच डोंगर, तेच पाणी, शहराच्या हद्दीत आलं की घरमालकाला एकटं का सोडायचं? राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियमावलीत पर्जन्यजल संधारणाची सक्ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या बांधकामांना आहे. आमचे प्लॉट दोन-अडीच गुंठ्यांचे. सक्ती नाही आणि मदतही नाही. पण उतारावर रस्ता भरतो तो अशाच लहान लहान गच्च्यांच्या पाण्याने.

तुमच्या लेकीने फोनवर अमेरिकेतल्या सिअॅटलचं सांगितलं होतं, ते मी मुद्दाम नीट समजून घेतलं. त्या शहराच्या जुन्या भागांत सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाइपातून जातं. मोठा पाऊस झाला की पाइप भरून ते मैल्यासकट बाहेर पडतं आणि समुद्राच्या खाडीत मिसळतं. म्हणून ठरावीक भागांतल्या घरमालकांना तिथे ‘रेनवाइज’ योजनेतून बागेसाठी आणि पावसाच्या टाकीसाठी पैसे देतात. छताच्या जितक्या क्षेत्रफळाचं पाणी बागेत वळवलं, त्या हिशेबाने रक्कम ठरते. अमेरिकेतल्याच पोर्टलंडमध्ये पाणी आपल्याच आवारात जिरवणाऱ्याला पावसाळी पाण्याच्या बिलात सवलत मिळते. जर्मनीतल्या अनेक शहरांत तर अंगणाचा जेवढा भाग झाकलेला आणि गटाराला जोडलेला, तेवढ्याची वेगळी फी भरावी लागते; फरशी काढली की फी कमी. श्रीमंत देश आहेत म्हणून त्यांना परवडतं असं कुणी म्हणेल. मला वाटतं, जमिनीखालचे मोठे पाइप बदलण्यापेक्षा लोकांच्या अंगणांना पैसे देणं त्यांना स्वस्त पडलं असावं. तुम्ही भिशीच्या वहीत तेच गणित मांडलंत.

आता काम कसं झालं ते सांगते, कारण पुष्कळ जण विचारतात.

काका पाटबंधाऱ्यात होते, त्यांनी एकही फरशी काढायच्या आधी एक फूट खोल खड्डा खणायला लावला. तो पाण्याने भरून मुरू दिला, मग पुन्हा भरला आणि पाणी किती वेगाने उतरतं ते बघितलं. तासाला निदान अर्धा इंच उतरलं तर जागा चालते. आमच्याकडे वरचा थर चिकट काळ्या मातीचा, पण खड्डा आणखी खोल केल्यावर दोन फुटांखाली मुरूम लागला आणि पाणी झरझर उतरलं. पाया भिजू नये म्हणून बाग घरापासून दहा फूट लांब घेतली. वरच्या बाजूच्या संरक्षक भिंतीलगत चर खणू का, असं गवंड्याने विचारलं तेव्हा काकांनी साफ नकार दिला. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला, ते आपल्यापैकी कुणीही विसरलेलं नाही. तीव्र उतारावर, भिंतीच्या पाठीमागे पाणी मुरवायचं नसतं. ज्यांचं घर डोंगराला टेकून आहे त्यांनी जाणत्या माणसाला जागा दाखवल्याशिवाय कुदळ मारू नये, हे मी इथे आवर्जून लिहिते.

आमच्या गच्चीचं क्षेत्रफळ हजार चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे ९३ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तेव्हा ४० मिलिमीटरची सर आली की एकट्या आमच्या गच्चीवरून साडेतीन हजार लिटरच्या वर पाणी रस्त्यावर जात होतं. बाग केली ती दहा बाय बारा फुटांची, भोवतीपेक्षा सहा इंच खोल. तिच्यात सतराशे लिटर पाणी उभं राहतं, आणि ते भरत असतानाच खाली मुरतही असतं. तळाला डबर आणि खडी, त्यावर वाळू, शेणखत आणि माती मिसळलेला थर. पाइपाचं पाणी पडतं तिथे माती उकरली जाऊ नये म्हणून दगड लावले. खालच्या कडेला लहानसा सांडवा ठेवला, जास्तीचं पाणी तिथून रीतसर गटारात जातं.

झाडं तुम्ही दिलीत. मध्यभागी कर्दळ आणि अळू, त्यांना पाण्यात उभं राहायची सवय. कडेने वाळा आणि गवती चहा. वाळ्याची मुळं खूप खोल जातात आणि माती धरून ठेवतात. कोरड्या काठावर जास्वंद. उन्हाळ्यात थोडं पाणी घालावं लागतं, बाकी मागणं काही नाही.

डासांची भीती सगळ्यांनाच होती, मलाही. पण डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, आणि आमच्याकडे पाऊस थांबल्यावर पाणी त्याच दिवशी उतरतं. दोन दिवसांवर पाणी साचून राहिलं तर काहीतरी चुकतंय असं समजायचं आणि तळ मोकळा करायचा.

एका बागेने उतार कोरडा होत नाही, हेही सांगायला हवं. श्रावणातल्या सरी ती सहज पिते. आषाढात दोन-दोन दिवस झड लागली की जमीन आधीच भिजलेली असते, मग सांडवा वाहतो. पण वाहणारं पाणी नितळ असतं आणि एकदम लोंढ्याने येत नाही. समोरच्या खालच्या घरातल्या वहिनींनी यंदा पोर्चमधली पोती काढून ठेवली. आपल्या ओळीतली आणखी घरं झाली की फरक रस्त्यावरच दिसेल.

म्हणूनच पाणी-खातं बंद पडू देऊ नका. पुढचे पैसे कोपऱ्यावरच्या आजींच्या घराला द्यावेत असं मला वाटतं. त्यांच्या अंगणाचा कोबा सगळ्यात मोठा, घर माथ्याला, आणि पेन्शनवर हे काम त्यांच्याने होणार नाही. गवंड्यापाशी उभं राहायचं काम माझं. पुण्यात पर्जन्यजल संधारण करणाऱ्या घरांना महापालिका मिळकत करात पाच टक्के सवलत देते. २०२० च्या हद्दवाढीत आपला भाग सातारा नगरपालिकेत आला आहे, तेव्हा पाणी मुरवणाऱ्या लहान अंगणांनाही घरपट्टीत सवलत मिळावी असा अर्ज आपण सगळ्यांच्या सह्यांनी देऊ. मसुदा मी लिहिला आहे, काकांनी एकदा नजरेखालून घालावा.

आणि एक शेवटचं. तो नंबर तुम्ही कशासाठी राखून ठेवला होता ते मला फार उशिरा समजलं. तुमच्या स्वयंपाकघराची स्लॅब गळते, तिचं वॉटरप्रूफिंग करायचं होतं. तो पावसाळा तुम्ही ओट्याखाली बादली ठेवून काढलात आणि मला कळूही दिलं नाहीत. माझे हप्ते आता फिटत आले आहेत. दिवाळीच्या आधीच्या भिशीला चिठ्ठी काढायची नाही, तो नंबर तुमचा, असं आम्ही सगळ्या मिळून ठरवलं आहे. गवंड्याला तारीखही दिली आहे. कृपा करून नाही म्हणू नका.

तुमची ऋणी,
वरच्या ओळीतली शेजारीण
शाहूनगर, सातारा