उतारा मुलांना कळू द्या : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी करवीर तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत आपल्या तालुक्याची किती मुलं आली, याची चर्चा आमच्या कोल्हापुरात चहाच्या टपरीवरही होते. त्यासाठी इथले शिक्षक सकाळी लवकर येऊन जादा तास घेतात, स्वतःची दिवाळीची सुट्टीही त्यात घालवतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीला जो सराव लागू पडतो, तोच आपण भाषेच्या उताऱ्यालाही लावून बसलोय, आणि तिथं मुलांचं नुकसान होतंय.

शेजारची चौथीतली मुलगी माझ्याकडे अभ्यासाला येते. परवा उतारा होता : वडील बैल विकून बाजारातून परत येतात आणि न जेवता रिकाम्या गोठ्यात जाऊन बसतात. प्रश्न, वडिलांना काय वाटत असावं? तिला शिकवलेलं असं की आधी प्रश्न वाचायचा, त्यातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्या ओळीखाली रेघ मारायची. पेन्सिल वरखाली फिरवून ती म्हणाली, "आजी, हे उताऱ्यात दिलेलंच नाही." मी पेन्सिल बाजूला ठेवायला लावली आणि उतारा मोठ्याने वाचून दाखवला. गोठ्याशी आले तशी तीच म्हणाली, "बैल गेला म्हणून वाईट वाटलं असणार त्यांना."

कळत तिला सगळं होतं. रेघ मारण्याच्या नादात गोष्ट वाचायचीच राहिली होती.

शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. कागलच्या नवोदयसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेसाठी, परीक्षा द्यायची, तर भाषेचे 20 प्रश्न 30 मिनिटांत, तेही उताऱ्यांवर. जे मूल अजून अक्षर लावत वाचतं, त्याचा सगळा वेळ वाचण्यातच जातो, अर्थापर्यंत ते पोचतच नाही. तीस प्रश्नसंच सोडवले तरी हा वेग येत नाही. तो येतो गोष्टी वाचून, ऐकून, त्यावर भांडून. त्यात आता शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीवरून पुन्हा चौथी-सातवीला आणली आहे. म्हणजे वाचन पक्कं व्हायला मुलांना एक वर्ष कमीच.

तेव्हा साहेब, चौथीच्या भाषेच्या तासाला प्रश्नसंच घेऊ नयेत, असा स्पष्ट आदेश काढा. उत्तरपत्रिकेतले गोल रंगवायची सवय शेवटच्या दोन महिन्यांतही होते. रोज अर्धा तास शिक्षकाने मोठ्याने वाचावं, मुलांनी मध्येच प्रश्न विचारावेत. ज्यांचं उत्तर उताऱ्यातल्या एकाच ओळीत सापडत नाही असे प्रश्न शिष्यवृत्ती परीक्षा घेणाऱ्या परीक्षा परिषदेने वाढवावेत, म्हणजे शाळांची शिकवणीही आपोआप बदलेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुस्तकांची कपाटं उघडू द्या. ती कुलूपबंद राहतात, कारण पुस्तक हरवलं तर तपासणीत शिक्षकाला जाब द्यावा लागतो. मुलांच्या हाताळण्याने फाटलेल्या, हरवलेल्या पुस्तकांची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, एवढं लेखी द्या. याला पैसाही लागत नाही.

1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या करवीरातून मी हे मागते आहे. जूनमध्ये शाळा भरण्याआधी हा आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर