विंगेतल्या उभ्या दिव्यांचे रेखाटन नाट्यगृहांकडे हवे

महोदय,

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत जळाले, त्यानंतर नाट्यगृहांच्या बांधणीविषयी बरेच बोलले गेले. त्यात आसने, वातानुकूलन आणि ध्वनी यांचा विचार होतो. दिव्यांच्या जागा कागदावर कशा दाखवाव्यात, हा विषय मात्र मागे पडतो. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते उभ्या जागांकडे, म्हणजे विंगेतले उभे पाइप आणि स्टँड, तसेच प्रेक्षागृहाच्या बाजूच्या भिंतींवरील शिड्या यांच्याकडे.

रंगमंचाचा नकाशा वरून पाहिल्यासारखा काढतात. आडव्या बारवरचे दहा दिवे त्यात शेजारी शेजारी दिसतात. उभ्या पाइपचा मात्र केवळ ठिपका उरतो आणि त्यावरचे तीन-चार दिवे एकमेकांवर चढतात. नृत्याच्या कार्यक्रमात याचा फटका लगेच बसतो. सर्वांत खालचा दिवा मंचाच्या फळीपासून फूट-दीड फुटावर लावून त्याचा झोत खालून कापला, तर नर्तकीची पावले आणि घुंगरू उजळतात, फळी मात्र काळोखातच राहते. तोच दिवा तीन फुटांवर लागला, तर पावलांसाठी झोत खाली झुकवावा लागतो आणि मंचभर प्रकाशाचे पट्टे पडतात. ही उंची ठिपक्यात कुठेच दिसत नाही.

म्हणून नकाशावर पाइपची जागा खुणेने दाखवून कागदाच्या कडेला तोच पाइप समोरून पाहिल्यासारखा, मापात, प्रत्येक दिव्याच्या उंचीसह पुन्हा काढण्याची रीत आहे. अमेरिकेतील यूएसआयटीटी या रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने २००६ मध्ये प्रकाशयोजनेच्या रेखाटनासाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार उभ्या जागेवरील दिव्यांना क्रमांक वरून खाली द्यायचे असतात. शिडीवर चढलेल्या माणसाला अंधारात कागद वाचायचा असतो, हे लक्षात घेतले तर असा ठरलेला क्रम किती मोलाचा आहे ते समजते.

आता संगणकावर त्रिमितीय आराखडे होतात, त्यामुळे कडेच्या चित्राची गरज संपली, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. झोत विंगेच्या पडद्याला अडतो का, पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांवर येतो का, हे त्रिमितीय आराखड्यातच नीट तपासता येते. पण तोच आराखडा वरून छापला की दिवे पुन्हा एकावर एक येतात. कडेला दिव्यांच्या चिन्हांची नुसती नक्कल ठेवली, तर यादीत तेच दिवे दोनदा मोजले जातात. व्हेक्टरवर्क्स स्पॉटलाइटसारख्या, प्रकाशयोजनेचे आराखडे काढण्याच्या संगणक प्रणालीत मूळ दिव्यांशी जोडलेले सपाट चित्र काढण्याची सोय आहे, ती वापरायला हवी.

आणखी एक बाब, दिसायला बारीक पण नेहमी नडणारी: उंची कोठून मोजायची? मंच प्रेक्षागृहाच्या जमिनीपेक्षा तीन फूट उंच असेल, तर भिंतीवरच्या शिडीवर जमिनीपासून बारा फुटांवर असलेला दिवा मंचाच्या फळीपासून नऊच फुटांवर असतो. आराखड्यात मंचाची फळी हेच शून्य धरले आहे, असे ठळकपणे लिहिलेले असावे.

नाट्यगृहे चालवणाऱ्या महापालिकांना माझी विनंती आहे की, बांधणी वा नूतनीकरण करताना प्रत्येक उभ्या पाइपचे समोरून काढलेले मापातले चित्र, त्याची पेलण्याची क्षमता आणि जवळच्या सॉकेटचे क्रमांक त्रिमितीय फाइलसह तयार करून घ्यावेत, आणि प्रयोगाची तारीख देतानाच ते प्रत्येक नाट्यसंस्थेच्या हाती द्यावेत.

— एक प्रकाशयोजनाकार, पुणे