जुना ओटा फोडण्याआधी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या तोंडावर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि चौकाचौकांतल्या फलकांवर मॉड्युलर किचनच्या जाहिराती झळकू लागतात. त्या पाहून स्वयंपाकघर नवे करायचे म्हणजे आहे ते सगळे उखडून टाकायचे, असा समज पक्का होत जातो. सहकारनगर, बिबवेवाडी, धनकवडी, कर्वेनगर अशा भागांतल्या जुन्या सोसायट्यांत राहणाऱ्या बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना हा समज फार महागात पडतो. आमचे स्वयंपाकघर आम्ही गेल्या उन्हाळ्यात बहुतांशी स्वतःच्या हातांनी नवे केले. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की ओटा शाबूत असेल तर तो फोडू नये आणि मोजका पैसा बाकीच्या गोष्टींवर खर्च करावा.

या इमारतींतला ओटा बहुधा कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर तोललेला असतो आणि वर ग्रॅनाइट किंवा कडप्पाच असतो. या दगडाला वाळवी लागत नाही आणि तो पाण्याने फुगतही नाही. याउलट स्वस्तातल्या तयार कपाटांत लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून बनवलेले पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ वापरलेले असते, आणि आपल्याकडे तर रात्री ओटा पाणी ओतून धुण्याची पद्धत आहे. ते पाणी ओघळून दाराच्या खालच्या कडेशी थांबते, लॅमिनेट जिथे किंचित सुटले असेल तिथून आत शिरते आणि बोर्ड फुगतो. एकदा फुगलेल्या बोर्डात स्क्रू पुन्हा धरत नाही. शिवाय ओटा एकटा फुटत नाही. त्याच्याबरोबर सिंक, सांडपाण्याची नळी, मागच्या टाइल्स आणि खालची फरशीही जाते, आणि ठरवलेल्या रकमेचा मोठा वाटा काहीही नवे मिळण्याआधीच संपतो. ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या पाठीला त्रास देत असेल, तर मात्र तो बदलण्यात कुचराई करू नये. कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा असावा, असा साधारण अंदाज आहे. ही उंची ठरवताना घरात जी व्यक्ती रोज उभी राहून पोळ्या लाटते तिला आधी विचारावे. पुष्कळ घरांत तेच राहून जाते.

ओट्याखालच्या खणांत ट्रॉल्या बसवणे हे काम अवघड वाटते, पण धीराने केले तर घरच्या घरी जमते. कडप्प्याच्या उभ्या फरश्या क्वचितच ओळंब्यात असतात, त्यामुळे प्रत्येक खण पुढे-मागे आणि वर-खाली अशा चारही ठिकाणी मोजावा आणि त्यातले सर्वांत कमी माप धरावे. ट्रॉली ज्यांवर आत-बाहेर सरकते ते चॅनेल थेट दगडावर न ठोकता खणाच्या दोन्ही बाजूंना प्लायच्या पट्ट्या लावाव्यात, मागे बारीक पाचरी देऊन त्या सरळ कराव्यात आणि चॅनेल त्या पट्ट्यांवर बसवावे. टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूस सुमारे अर्धा इंच जागा लागते, ती ट्रॉली विकत घेण्यापूर्वीच वजा करावी. कडप्प्याला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा आणि काठाच्या अगदी जवळ जाऊ नये, कारण ठोक्यांनी त्या दगडाचे पापुद्रे सुटतात. दोन्ही चॅनेल एका पातळीत आणण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी अचूक पातळी दाखवते.

दारांसाठी प्लाय घेताना काटकसर करू नये. सिंकखालच्या खणाला आयएस 710 हा शिक्का असलेले मरीन प्लायवूडच घ्यावे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पूर्ण शीट घेतल्यास मापाप्रमाणे कापून मिळू शकते. मात्र आठ बाय चार फुटांच्या शीटवर कोणते तुकडे कसे बसतील याचा आराखडा घरूनच कागदावर काढून न्यावा आणि प्रत्येक कापामागे करवतीच्या पात्याची जाडी सोडावी. कापलेल्या चारही कडा पट्टीने बंद केल्या पाहिजेत, कारण पाणी शिरते ते उघड्या कडांतूनच. लॅमिनेट साधे चालेल. बिजागऱ्या आणि चॅनेल मात्र चांगल्या प्रतीचे हवेत, कारण रोजची झीज त्यांचीच होते.

टाइल्स जुन्या असल्या तरी बोटाने ठोकून पाहाव्यात. पोकळ वाजत नसतील तर तेलकटपणा धुण्याच्या सोड्याने काढून सांध्यांत नवे एपॉक्सी ग्राउट भरले, तरी भिंतीचे रूप पालटते. ते महाग असले तरी पांढऱ्या सिमेंटसारखे हळद आणि तेल शोषून घेत नाही. रंगाबद्दल एवढेच की तेलकट भिंतीवर पुट्टी टिकत नाही, आणि ही कामे पावसाळ्यापूर्वी उरकावीत.

हौसेने काम करणाऱ्यांनी कुठे थांबावे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. विजेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मायक्रोवेव्ह आणि मिक्सर एका मल्टीप्लगवर चालवण्यापेक्षा 16 अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांवर खर्च केलेला पैसा सार्थकी लागतो. सिलिंडरची आयएसआय चिन्हाची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या खणाच्या दाराला खालच्या बाजूस जाळी ठेवावी. एमएनजीएलचा (महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडचा) गॅस पाइप असलेल्या घरांत तो हलवण्याचे काम कंपनीकडूनच करून घ्यावे आणि सुबकतेसाठी तो कपाटाआड बंद करू नये. स्वयंपाकघर आणि हॉल यांमधली भिंत पाडण्याचा विचार तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करूच नये. त्या भिंतीवर वरच्या मजल्यांचा भार असू शकतो.

इतकी काळजी घेऊनही काही टाइल्स आणि थोडे प्लॅस्टर निघतेच. बांधकाम राडारोड्यासाठी 2016 साली केंद्र सरकारने स्वतंत्र नियम केले, पण चार-सहा पोती राडारोडा निघालेल्या घरमालकाला तो कुठे द्यायचा हे सहसा ठाऊक नसते. मग कोणीतरी तो रात्री टेम्पोत भरून ओढ्याकाठी टाकतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने केलेला हाहाकार पाहिलेल्या शहरात ओढ्यांची पात्रे अशी अरुंद होऊ देणे मला अक्षम्य वाटते. महापालिकेने प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत थोड्या प्रमाणातला राडारोडा स्वीकारणारी जागा, तिची वेळ आणि शुल्क सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर लावावे, आणि आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे